कोटाचं वरचं बटण

३ जानेवारी

ती. सौ. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. थंडी पडली की सगळ्या गावाला एकाच आठवड्यात आपल्या कोटाचं फाटलेलं अस्तर आठवतं, आणि माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा उरत नाही. तुमचे बंधुराज मजेत आहेत. दिवसभर लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासतात आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःचा चष्मा शोधतात.

बातमी अशी की आम्ही दोघं शहरात येतोय. लग्न झाल्यापासून मी म्हणतेय, हिवाळ्यात दोन दिवस गाडीत बसून शहरात जाऊ, जरा भटकू. दरवेळी हे म्हणायचे, तुझं दुकान कोण बघेल. यंदा मी विचारलंच नाही. तिकिटं काढली आणि यांच्या चहाच्या कपाखाली ठेवली. यांचा चेहरा बघायला तुम्ही हव्या होतात. हॉटेलही मीच ठरवलंय. कुठलं ते यांनाही सांगितलेलं नाही. शेवटच्या दिवशी परतीच्या गाडीआधी तुमच्याकडे चहाला येऊ.

आणि हो, एक आभार मानायचे राहून गेलेत. गेल्या हिवाळ्यात हे चष्मेवाल्यांच्या संमेलनाला आले आणि तुमच्याकडे राहिले, तेव्हा तुम्ही यांना खाऊपिऊ घालून परत धाडलंत. घरी आले तर कोटाचं सगळ्यात वरचं बटण नव्याने शिवलेलं. ते तुम्हीच शिवलंत ना? शिवणारीला दुसरीचा हात लगेच दिसतो, म्हणून विचारते. टाका अगदी घट्ट आहे.

घरी सगळ्यांना नमस्कार. लोभ आहेच, तो थंडीत गारठू देऊ नका.

आपली,
शिंपीणबाई (हे नाव तुम्हीच ठेवलंय)

९ जानेवारी

चि. सौ. शिंपीणबाईंस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून हसून हसून पुरेवाट झाली. त्या आळशी माणसाला तू घराबाहेर काढलंस, कमाल आहे तुझी. पण आपलं घर असताना हॉटेल कशाला? वरची खोली मोकळीच आहे. लोकांनी विचारलं तर काय सांगू, भाऊ-भावजय आली आणि हॉटेलात उतरली? ते काही नाही, सरळ इकडेच या.

बटणाचं काय घेऊन बसलीस! मीच शिवलं ते. बिचारं एका धाग्याला लोंबत होतं. म्हटलं, शिंपिणीच्या नवऱ्याने असं बटण घेऊन गावभर फिरायचं म्हणजे शोभा व्हायची. बसल्या जागी घातले चार टाके. तुझी सफाई माझ्या हातात कुठली, पण तूच वाखाणलंस म्हणजे आता दुकानात ठेवून घ्यायला हरकत नाही.

छोटू गेल्या वर्षी अगदी गुण्यागोविंदाने राहिला हो. दिवसा संमेलन आणि संध्याकाळी घर. तू उगाच शंकाकुशंका काढू नकोस, भोळा आहे तो.

गारठा फार आहे. माझं मनगट अजूनही थंडी पडली की ठणकतं. दोघांचे मफलर घेऊन या. तुझ्यावरचा माझा जीव काही वेगळा सांगायला नको.

तुझी,
ताई

१८ जानेवारी, हॉटेलातून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हॉटेलच्या माणसाच्या हाती चिठ्ठी पाठवतोय, वाचून फाडून टाक. फोन खाली काउंटरवर आहे आणि ही तिथेच पेपर वाचत बसली आहे.

ताई, ही मला गेल्या वर्षीच्या त्याच हॉटेलात घेऊन आली आहे. खोलीही तीच, नदीकडच्या खिडकीची. काउंटरवरच्या माणसाने मला ओळखलं, परत आलात, बरं वाटलं म्हणाला. मी रजिस्टरात मान घातली. ही मात्र गोड हसली आणि म्हणाली की यांना इथलं फार आवडतं. जेवायला खाली गेलो तर कोपऱ्यातल्या त्याच टेबलावर जाऊन बसली. गाडीतही आधी संत्रं सोलून मागितलं, मी गेल्या वर्षी त्या बाईला सोलून दिलं होतं तसं. हिला संत्रं आवडत नाही, हे तुलाही माहीत आहे. मी सोललं, तर माझ्या हातांकडे बघत राहिली आणि खाल्लं नाहीच.

तू तिला काही बोललीस का? चष्म्याच्या फ्रेमा विकणाऱ्या त्या बाईचा आणि माझा आता काही संबंध नाही, हे मी तुला शपथेवर सांगितलंय. मग उगाच कशाला उकरायचं? कधीकधी वाटतं हा सगळा योगायोग आहे. कारण ही खूश आहे गं. काल संग्रहालय पाहिलं, पुलावर उभी राहून दिवे लागताना बघितले. मला नवी टोपीसुद्धा घेतली. इतकी प्रेमाने वागते आहे की माझी झोप उडाली आहे.

उद्या चहाला येतोय. तिने विचारलंच तर मी तुझ्याकडेच राहिलो होतो, एवढं सांग. तुझ्याशिवाय मला कोण आहे?

तुझा,
छोटू

१९ जानेवारी, गाडीतून

सौ. वन्संना,
नमस्कार.

अक्षर वाकडं येतंय, गाडी हलते आहे. खिडकीची जागा मला मिळाली आणि शेजारच्या जागेवर माझी पिशवी ऐसपैस बसली आहे. कोपऱ्यावरून दोरा घेऊन येते असं सांगून मी तुमच्या चहावरून उठले, त्याची माफी मागत नाही.

गेल्या हिवाळ्यात यांच्या कोटाच्या खिशात संत्र्याची वाळकी साल आणि सुईदोऱ्याची पुडी सापडली. हॉटेलं ठेवतात ना खोलीत, तशी. वर हॉटेलचं नाव छापलेलं, सुईत दोरा तसाच ओवलेला. बटण घट्ट शिवलेलं होतं. जाड कापडावर बटण घट्ट शिवलं तर कापड चुरगळतं, खाली दोऱ्याची थोडी मान ठेवावी लागते. मला वर्षभर रोज सकाळी खुंटीवरच्या कोटाचा तो चुरगळा दिसत होता. ज्या शहरात मला न्यायला यांना कधी सवड झाली नाही, तिथल्या हॉटेलात बसून कुणीतरी माझ्या हातच्या कोटाला टाके घालत होतं. माझा किती जळफळाट झाला म्हणून सांगू! तरी म्हटलं, वन्संना विचारून बघू, त्या खोटं बोलायच्या नाहीत.

तुम्ही लिहिलंत की बटण तुम्ही शिवलं. वन्सं, गेल्या हिवाळ्यात तुमचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. मी प्लास्टरवरून चढेल अशी लोकरीची रुंद बाही शिवून पाठवली होती. डाव्या हाताने गिचमिड लिहून तुम्ही आभार मानलेत, आणि त्याच पत्रात कळवलंत की छोटू आमच्याकडे मजेत आहे. खोटं बोलायचं तर निदान माझी बाही तरी आठवायची होती. यांचा राग आला, पण तुमचा जास्त आला. तुम्हाला मी बहिणीसारखं मानलं.

तरी मी यांना दोन दिवस दिले. पुडीवरचं नाव बघून हॉटेलला फोन केला आणि यांची गेल्या वर्षीचीच खोली आणि टेबल मागून घेतलं. घराचं कुलूप निघतानाच बदललं होतं. दुसरी किल्ली पर्समध्ये घेऊन फिरत होते. त्या खोलीत, त्या टेबलावर, पुलावर, कुठेही यांनी तोंड उघडून खरं सांगितलं असतं, तर भांडले असते, रडले असते आणि किल्ली हातात दिली असती. यांनी संत्रं सोललं.

आज चहा घेताना मी सहज विचारलं, गेल्या वर्षी कुठे झोपला होतात. तुम्ही म्हणालात वरच्या खोलीत, हे म्हणाले बाहेर सोफ्यावर, दोघंही एकदमच. मग तुम्ही हसून सावरलंत की एक रात्र वर आणि एक रात्र सोफ्यावर. तेव्हा माझं ठरलं.

यांचा कोट तुमच्या दाराशी खुंटीवर होता आणि छोटी कात्री माझ्याकडे कायमच असते. खालची सगळी बटणं कापून घेतली, ती माझ्या हातची होती. सगळ्यात वरचं तेवढं ठेवलंय. ते माझं नाही. बाहेर गारठा फार आहे, तेव्हा त्या एका बटणावर यांना किती ऊब मिळते ते कळवू नका.

दुकानामागचं घर माझं आहे आणि दुसरी किल्ली मी नदीत टाकली. भाऊ तुमच्याकडे राहतोय असं तुम्ही गेल्या हिवाळ्यात लिहिलं होतंत. यंदा ते खरं झालं. वरची खोली मोकळी आहेच, आणि तुमचा हातही आता बरा आहे.

माझ्यावर होता तो लोभही त्यांनाच द्यावा.

शिंपीण