अंगावर एक, दोरीवर एक

सांगली,
रविवार, ता. १२ मे १९४६,
सकाळचे साडेसात.

तीर्थस्वरूप सौ. राजमती अक्कास,
तवनाप्पाचा शिरसाष्टांग नमस्कार. घरातील सर्वांस जयजिनेंद्र.

आत्ताच सदरा धुऊन दोरीवर टाकला. तो वाळेपर्यंत बाहेर पडता येत नाही, म्हणून उघड्या अंगाने खोलीत बसून हे पत्र लिहायला घेतले आहे. ऊन कडक आहे पण वारा पडला आहे, तेव्हा पत्र थोडे लांबेल.

मी खुशाल आहे. तू बाळंतपणातून उठलीस का, बाळाला दूध पुरते का, ते कळव. सव्वा महिना झाल्याशिवाय पाण्यात हात घालू नकोस. तात्यांचा गुडघा बरा आहे. साखरपुड्याहून ते परस्पर गावी गेले. इथे कृष्णेला पाणी इतके कमी आहे की बायका मधल्या खडकावर जाऊन धुणे धुतात. दुकानात रेशनकार्डावरचे कापड आले की पहाटेपासून रांग लागते. दुपारपर्यंत मापाचा गज टाकून टाकून माझा हात भरून येतो. मालक बरे वागवतात.

तू विचारलेस, साखरपुडा नीट झाला ना, कोट कोणत्या कापडाचा केला, आणि तो बसला का. साखरपुडा अक्षयतृतीयेला दिग्रजला कस्तुरीच्याच घरी झाला. साखर मिळाली नाही म्हणून त्यांनी अर्धा गूळ वाटला, पण त्याबद्दल कोणी बोलले नाही. कोट बदामी ड्रिलचा आहे. शिलाई सरळ, काजे हाताने केलेली. अंगाला बसतो. आत काही नसेल तर थोडा ढिला वाटतो, एवढेच.

माझ्या नेमाबद्दल तुला सविस्तर कधी लिहिले नाही. भाऊजी हसतील असे वाटायचे. गेल्या भादव्यात पर्वाच्या शेवटच्या दिवशी बस्तीत भगवंतांसमोर, महाराजांपुढे हात जोडून मी परिमाण घेतले की दोन धोतरे, दोन सदरे, एक टोपी आणि एक पंचा, याहून जास्त वस्त्र माझे म्हणून ठेवणार नाही. नवे एक आत आले तर जुने एक त्याच दिवशी बाहेर जाईल. नेम घेताना बरे वाटले. घरी आलो आणि शंका सुरू झाल्या. घोंगडे वस्त्रात येते का? पूजेचा सोवळ्याचा पंचा वेगळा धरायचा का? दुसऱ्या दिवशी उपाध्यांना जाऊन विचारले. ते म्हणाले, "बाबा, नेम तू घेतलायस का मी?" शेवटी घोंगडे अंथरुणात धरले आणि पूजेचा पंचा बस्तीतच ठेवला.

दुकानात माझी बरीच थट्टा झाली. आमचे जुने गुमास्ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, "ह्यो बघा आमचा तवनाप्पा. हलवायाच्या पोरानं गोड सोडलंय." दिवाळीला मालकांनी सगळ्या नोकरांना एकेक सदऱ्याचे कापड दिले. मी ते घेतले आणि त्याच संध्याकाळी माझा जुना सदरा विहिरीवरच्या माळ्याला दिला. मालक तेव्हापासून गल्ल्याची किल्ली माझ्याकडे देऊन जेवायला जातात.

अक्का, मला यात त्रास होत नाही हे तू खरे मान. अंगावर एक, दोरीवर एक. सकाळी कोणता घालू हा विचार नाही. दोनच असले की त्यातला धागा अन् धागा ओळखीचा होतो. काखेत कुठे विरतो आहे, कॉलर कधी उलटवायची, गुंडीचा दोरा किती दिवस टिकेल, हे मला फाटण्याआधी कळते, आणि मी फाटण्याआधीच टाका घालतो. धोतराला इस्त्री नसते, पण घडी करून घोंगड्याखाली ठेवले की सकाळी ते दुकानातल्या ठाणासारखे निघते. दिवसभर माझ्या हातून शेकडो वार कापड जाते आणि त्यातले एक बोटभर मला हवेसे वाटत नाही. मराठी सहावीतून शाळा सुटलेल्या माणसाकडे अभिमान धरण्यासारखे फार काही नसते. हे आहे.

आता तुला खरे लिहितो. दिग्रजचे कोणी तुमच्या इस्लामपूरच्या बाजाराला येईल आणि तुझ्या कानावर काही घालेल, त्याआधी माझ्याकडून कळलेले बरे.

कस्तुरीला आपल्याकडचे लुगडे नेसवून, ओटी भरून आत नेले. मग मला पाटावर बसवले. कस्तुरीच्या वडिलांनी, आप्पासोंनी ताट पुढे केले. ताटात नारळ आणि तो शिवलेला कोट. मी नारळ घेतला आणि म्हणालो, "कोट राहू द्या. माझा नेम आहे."

तात्या शेजारीच बसले होते. त्यांनी माझी मांडी दाबली. "तवन्या, आजच्या दिस नेम खुंटीला अडकव."

मी म्हणालो, "खुंटीला अडकवायचा असता तर घेतला कशाला असता?"

हे वाक्य मी आदल्या रात्री मनात करून ठेवले होते. म्हणताना फार छान वाटले, हेही लिहितो.

आप्पासोंनी ताट खाली ठेवले. ते रागावले नाहीत, तेच वाईट. हळूच म्हणाले, "पावणं, आहेराचं ताट सदरंवर आलं की माघारी उंबऱ्याच्या आत न्हेत न्हाईत आमच्यात. आनि फाल्गुनात बोलणी झाली तवा तुमच्या अक्कानं शबुद दिलाय. म्हनाली, माझा भाऊ तुमचं दिल्यालं अंगावर घालंल, मी जामीन हाय."

हे तू बोलली होतीस, ते मला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी मी काय केले असते कोण जाणे.

कोट तसाच मध्ये पडून राहिला. कोणी उचलेना. त्यांच्याकडचे एक म्हातारे पाहुणे म्हणाले, "पोराला सूट पायजे असंल. सांगलीत ऱ्हातोय." दोघे-तिघे हसले. तात्या उठण्याच्या बेतात होते.

तेवढ्यात कस्तुरीची आई पाण्याचा तांब्या घेऊन आली. वाकली तसा तिचा पदर सरकला. अक्का, मी कापडातला माणूस. मला दिसल्याशिवाय राहिले नाही. लुगड्याला दंड होता. दोन लुगड्यांचे धड राहिलेले अर्धे अर्धे जोडून केलेले. काठ एकीकडे तांबडा, दुसरीकडे किरमिजी. दंड झाकायला तिने पदर कमरेला खोचून घेतला होता. लेकीच्या साखरपुड्याला. एका कार्डावर कोटाचे कापड निघत नाही, हे मी रोज गज टाकून देतो, मला कोणी सांगायला नको. दोन कार्डे लागतात. एक आप्पासोंचे, दुसरे कोणाचे ते माझ्यासमोर तांब्या धरून उभे होते.

मी दोनांत राहतो ते माझ्या मर्जीने. ही बाई दंडाच्या लुगड्यात उभी होती ते माझ्या कोटामुळे. आणि मी तो कोट पायाशी टाकून नेमाच्या गोष्टी सांगत होतो.

तरी घेतो म्हणावे तर एवढ्या लोकांत मागे फिरलो असे होते, आणि नाही म्हणवत नव्हते. तेव्हा आतून कस्तुरीचा आवाज आला. आईला म्हणत होती, पण सदरेवर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"आई, त्यास्नी इच्यार, आमच्यातलं कापड चालत न्हाई तर आमच्यातली पोरगी कशी चालती म्हनावं."

आप्पासोंनी दाराकडे डोळे वटारले. आता उत्तर मलाच द्यायला हवे होते. मी म्हणालो, "नेम कापडाचा आहे. माणसांचा नाही."

आतून लगेच आले, "मग मानसानं दिल्यालं मानसात धरा."

मी याचा आठ दिवस विचार करतो आहे. उपाध्यांना विचारले असते तरी एवढे नेमके उत्तर मिळाले नसते.

मी कोट उचलला. उचलला आणि नेमाची आठवण झाली. एक आत आले की एक बाहेर, आणि तेही त्याच दिवशी. दुसरा सदरा सांगलीला दोरीवर होता. मी अंगातला सदरा काढला, त्याची नीट घडी घातली, आणि उघड्या अंगावर कोट चढवून खालपासून वरपर्यंत गुंड्या लावल्या.

"आवं, सदरा कशाला काढतासा?" आप्पासो म्हणाले.

"एक आत आला, एक बाहेर. हा कोणाला तरी द्या."

दारात त्यांचा गडी बिराप्पा बैलांना वैरण टाकून येऊन उभा होता. आप्पासोंनी घडी त्याच्याकडे दिली. त्याने सदरा पसरून छातीला लावला. बिराप्पा केवढा आडवा आहे ते तू बघितले आहेस. तो म्हणाला, "पावणं, ह्यात माझा एक हात जातोय. दुसरा कुनाच्या सदऱ्यात घालू?"

मग सदर जी हसली, ती हसली. तात्यासुद्धा हसले. आणि आतून एकीचे हसणे सगळ्यांच्या नंतरही चालूच राहिले, ते मी ओळखले.

वैशाखाच्या उन्हात मी तो ड्रिलचा कोट उघड्या अंगावर घालून पुरणपोळी जेवलो. घामाने पाठ भिजली, कॉलर मानेला टोचत होती. त्यांची म्हातारी आजी शेजारी बसून मला वारा घालत होती आणि दर पोळीला विचारत होती, "काढतोस का रं बाबा?" मी काढला नाही. अक्का, इतका ताठ मी जन्मात कधी बसलो नसेन.

म्हणून आता एकच सदरा आहे, आणि तो वाळायची वाट बघत बसलो आहे. लोक म्हणतील नवरदेवाची फजिती झाली. म्हणू देत. नेम मोडला नाही आणि त्यांचे ताटही आत गेले नाही.

पण गोष्ट इथे संपली नाही, आणि पत्र लिहिण्याचे खरे कारण पुढे आहे.

माझ्या कार्डावर या वर्षाचे कापड मी उचललेच नव्हते. सोमवारी मालकांना विचारून त्यावर एक नऊवारी लुगडे घेतले. हिरवे, तांबड्या काठाचे, दोन्हीकडे काठ सारखाच. बिराप्पा गाडी घेऊन सांगलीला आला होता, त्याच्याबरोबर कस्तुरीच्या आईसाठी दिग्रजला पाठवले. काल तो लुगडे परत घेऊन आला. अंगात माझा सदरा होता, दोन्ही काखा उसवून त्याने तो चढवला होता. "दोनी हात गेलं बघा," म्हणाला. मग लुगडे पुढे ठेवले. "धनीनबाई म्हनत्यात, लेक दिल्याल्या घरचं लेत न्हाईत. जावयाचं तर न्हाईच न्हाई. लुगडं डोळ्याला लावलं त्यांनी, पर घेटलं न्हाई."

"आणि कोणी काही म्हणाले?"

"धाकल्या बाईनी निरोप दिलाय. आता ताट कुनाच्या दारात हाय ते बघा म्हनावं."

मी रात्रभर बघत होतो. नाही म्हणणाऱ्याचे तोंड मी आरशातही कधी पाहिले नव्हते. नाही ऐकणाऱ्याचे कसे होते ते आता कळले.

जाताना बिराप्पाच बोलून गेला, "ईहीनीनं ईहीनीला दिल्यालं चालतंय की. त्याला कोन न्हाई म्हनतंय?" आपली आई नाही. आपल्या बाजूने विहीण तूच.

पण तुझ्या नावावर माझे लुगडे खपवणे मला पटत नाही, ते खोटे होईल. म्हणून पुष्कळ विचार करून असे ठरवले आहे. हे लुगडे मी तुला देत आहे. भावाने बहिणीला दिलेले, त्यात कोणालाच अडचण नाही. ते तुझे झाले. तुझे झाल्यावर तू कोणाला द्यावेस हे सांगायचा मला हक्क नाही. सव्वा महिना झाल्यावर तू दिग्रजला जाणारच आहेस. तिथे काय करावेस ते तुला कळते.

तुझा शब्द मी राखला की घालवला, हे मला नीट सांगता येत नाही. तू जामीन राहिलीस तेव्हा मला विचारले नाहीस, म्हणून राग नाही. तू रागावली असशील तर लिही, मी ते पत्र तात्यांनाही वाचून दाखवीन. फक्त लग्नाला येणार नाही असे लिहू नकोस.

आणखी एक. दिग्रजला जो दंड मला एका घटकेत दिसला, तसा तुझ्या लुगड्यांना आहे का, हे मी कधी पाहिलेले नाही. भाऊबीजेला तुझ्याकडे आलो, तू वाकून ओवाळलेस, तरी पाहिले नाही. असेल तर हे लुगडे तू स्वतः नेस. दिग्रजचे मी दुसऱ्या वर्षी बघेन. खरे काय ते लिही, मला बरे वाटावे म्हणून काही लिहू नकोस.

लुगडे व हे पत्र तुमच्या गावच्या किराणा दुकानदाराच्या गाडीबरोबर पाठवत आहे. घडी मोडलेली नाही. बाळाला माझे आशीर्वाद, भाऊजींना नमस्कार.

सदरा वाळला. दुकानात शिल्लक माल मोजायचा आहे, निघतो.

तुझ्या शब्दाबाहेर गेलेला, पण तुझाच धाकटा,
तवनाप्पा

ता. क. भाऊजी विचारतील म्हणून साखरपुड्यापासूनचा हिशेब:
दिग्रजला जाणे-येणे, तात्या व मी, मोटारभाडे: एक रुपया चार आणे.
पानसुपारी, हार, नारळ: दोन रुपये.
लुगडे एक: नऊ रुपये.
देणे, मालकांचे, लुगड्यापोटी: नऊ रुपये. पगारातून दरमहा दीड रुपया कापून घ्यायला सांगितले आहे.
स्वतःच्या कापडावर: काही नाही.