निम्म्या पट्ट्या लाल

माऊस बाजूला ठेव आणि खुर्चीवरून ऊठ, असं हेडबाई म्हणाल्या तेव्हा मी उठले. माऊस मात्र हातातच राहिला. (मामा, नमस्कार राहिलाच. तो इथून वाकून करते आहे. गुडघा कसा आहे? मामीचा खोकला?) हेडबाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. नव्या माणसाला त्या त्याच्याच रक्तावर शिकवतात, म्हणजे चूक झाली तर परक्याला भोवत नाही. (तुम्ही परके नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं.)

काम अवघड नाही. रक्तातल्या डीएनएचे तुकडे करतात, मशीन ते वाचतं, संगणक प्रत्येक तुकडा त्याच्या जागी बसवतो. पडद्यावर सर्वांत वर मापाची ओळ, म्हणजे जिच्याशी ताडून बघायचं ती अक्षरं. खाली आपले तुकडे, विटांसारखे रचलेले, करड्या पट्ट्यांचे. अक्षर जुळलं की पट्टी करडी. नाही जुळलं की तिथे रंग. एखाद्याच पट्टीवर रंग असेल तर बहुधा मशीनची चूक. निम्म्या पट्ट्यांवर असेल तर तो बदल आईकडून किंवा बाबांकडून आलेला. हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या माझ्या एका जनुकात निम्म्या पट्ट्या लाल होत्या. असं हृदय पोहताना दगा देऊ शकतं, असं पुस्तकात होतं. बाबांना पाणी बादलीतलंच माहीत, आणि माझं नाक तुमच्यावर गेलेलं. तेव्हा बदल कोणाच्या घराण्यातला ते उघड होतं. मी लगेच फोन केला.

तलाव पार करायची शर्यत यंदा विसरा, असं मी सांगितलं. तुम्ही फक्त ‘बरं’ म्हणालात. मामीने फोन ओढून घेतला. ‘हे लेखी देशील का गं?’ (ओल्या टॉवेलांचा तिला इतका राग आहे हे मला माहीत नव्हतं.) मी लेखी दिलं. सही ठसठशीत केली.

तर हेडबाई माझ्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, लाल पट्ट्यांची टोकं बघ. सगळ्या एकाच अक्षरावर सुरू, एकाच अक्षरावर संपलेल्या, तोंडंही एकाच दिशेला. करड्या मात्र कुठूनही कुठेही. ‘एका साक्षीदाराची जबानी झेरॉक्स केली तर साक्षीदार वाढतात का?’ त्याचं असं आहे: वाचण्याआधी तुकड्यांच्या प्रती काढाव्या लागतात. एकाच तुकड्याच्या अनेक प्रती आल्या की संगणक त्या ओळखतो आणि लपवतो. तशी खूण सेटिंगमध्ये आधीच केलेली असते. ती मी काढली होती. शास्त्रात काही लपवू नये, असं माझं मत आहे. (अजूनही आहे.) बाईंनी खूण पुन्हा केली. लाल पट्टी एकच उरली. तिच्यावरचं अक्षरही फिकट, म्हणजे वाचताना मशीनलाही खात्री नव्हती. खात्री फक्त मला होती.

सारांश, तुमच्या हृदयाविरुद्ध माझ्याकडे काहीही पुरावा नाही. माझी नजर आता चांगली तयार झाली आहे. घरात आणखी कोणाला काही बघून घ्यायचं असेल तर संकोच करू नये.

तुमची भाची

ता. क. शर्यत रविवारी आहे. पोहा.

आणखी ता. क. मामीला तुम्हीच सांगा. फोन तीच उचलते, म्हणून तर पत्र. आणि माझ्या सहीचा तो कागद कसाही करून मिळवा आणि मला पाठवा. हेडबाईंना तो दिसता कामा नये.

शेवटचं. पाकीट बंद करायचं राहिलं होतं. टपाल रविवारच्या आत पोचेल का, या काळजीने आज सकाळी फोन केलाच. मामीने उचलला. तुम्ही तलावावर होतात. ‘तुझा कागद आला तसं त्यांना डॉक्टरांकडे नेलं. सगळं तपासून म्हणाले, खुशाल पोहू द्या. रोज जातायत.’ मी कागदाचं विचारलं. तो कपाटाच्या दाराला चिकटवला आहे. टॉवेल दोरीवर टाकला नाही की ती तुम्हाला तो दाखवते. परत मिळणार नाही, म्हणाली.