दोन ओळींमधली जागा

४ मार्च, सकाळी ७
संकल्प. तीस तारखेला ही जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी हिची वही छापून वाटायची. अकरा वर्षं ही रोज दोन ओळी लिहीत होती आणि मला पत्ता नव्हता! लेक फोनवर बजावून म्हणाली, बाबा, आईचे शब्द जसेच्या तसे हं. मला सांगते! चाळीस वर्षं व्यासपीठावरून मी दुसरं काय सांगितलं? जुन्या पोथ्यांत मागाहून ओळी घुसडणारे ते दरोडेखोर. मेलेल्यांच्या तोंडी स्वतःचे शब्द घालतात!

६ मार्च
वही वाचून झाली. दूध नासलं. कुंडीत मुंग्या. लेकीचा फोन नाही. अकरा वर्षांत माझा उल्लेख चार वेळा. त्यातले दोन छत्रीचे.
हिचा स्वभावच अबोल. माझ्याबद्दलचं मनात ठेवलं असणार.

९ मार्च
शेजारचे गणिताचे सर जिन्यात भेटले. वहीतल्या राहून गेलेल्या गोष्टींचा सहज विषय काढला. म्हणाले, सकाळी आठचं आणि दहाचं तापमान माहीत असेल तर नऊचं हिशेबाने भरता येतं. इंटरपोलेशन. म्हणजे शास्त्रच आहे! पुढे म्हणाले, मात्र भरलेल्या आकड्यावर खूण करावी लागते. सरांना बारकाव्यांचा फार सोस.
एकच ओळ भरली. वहीतच, हिच्याच पेनाने, हिच्यासारख्या तिरप्या अक्षरात. 'आज ह्यांचं भाषण गाजलं.' गाजलंच होतं. खोटं काय त्यात?

१३ मार्च
जावई कार्टून फिल्म करतो. म्हणाला, मुख्य चित्रकार उडीची सुरुवात आणि शेवट काढतो, मधली चित्रं हाताखालचे लोक भरतात, नाहीतर पात्र खांबासारखं उभं राहतं. अगदी! वहीत मी खांबासारखाच उभा आहे. हलवायला हवं.
सात ओळी.

१८ मार्च
एकूण बावीस. उद्यापासून बंद.

१९ मार्च
तेवीस. ही शेवटची.

२३ मार्च
मुखपृष्ठासाठी हिचा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घेतला. फोटोवाला म्हणाला, काका, कमी पडलेले ठिपके मशीन आजूबाजूचे ठिपके बघून भरतं. चेहरा गुळगुळीत, टवटवीत. मी विचारलं, ही बाई कोण? तो म्हणाला, असं काय करता काका, काकूच की!
फोटो रद्द. मशीनला माणूस कळत नाही.
वही मात्र रंगत चालली आहे. चाळीस.

२८ मार्च
लेक आली. टाइप केलेली प्रत घेऊन बसली. आधी हसली. मग विचारलं, 'टाळ्यांच्या कडकडाटात माझे डोळे पाणावले,' हे आईने लिहिलंय? आई तुमच्या एका तरी भाषणाला आली होती का? मी म्हणालो, तिची इच्छा असणारच. तर म्हणते, नेलं होतंत कधी?
चहा टाकायला उठलो. परत आलो तेव्हा लेकीच्या हातात पेन्सिल. चाळीसच्या चाळीस अचूक खोडल्या. काय नजर आहे पोरीची! माझ्यावर गेली आहे.

२९ मार्च
तिने एक्केचाळिसावी ओळ धरली. मी ओरडलो, ती आईचीच आहे! मूळ चारांतली! 'ह्यांचा घसा बसलाय. संध्याकाळभर मीच बोलत बसले. छान वाटलं.' आवाज गेलेला मी, असं मी स्वतःबद्दल लिहीन तरी का?
वही दाखवली. लेक म्हणाली, अक्षर तर सगळ्याच ओळींचं आईचं आहे, बाबा.
मग जरा नरमली. म्हणाली, बरं, राहू दे ही. एवढंच सांगा, काय बोलत होती आई त्या संध्याकाळी?
तासभर बसलो. त्या आठवड्यातलं पुढचं भाषण पहिल्या वाक्यापासून आठवलं. आठवणारच. ही बोलत होती तेव्हा मी त्याचेच मुद्दे काढत होतो.
लेकीने ओळीवर रेघ मारली. मी अडवलं नाही.