दुसऱ्याच्या नावाचे लॅपटॉप

बाबा, आज आमच्या वसतिगृहातले लॅपटॉप भंगारात गेले. कुणाला सांगावं ते सुचेना, म्हणून तुम्हाला सांगते आहे. लॅपटॉप म्हणजे मांडीवर मावेल एवढा कॉम्प्युटर. तुम्ही गेलात ते राज्य नवीन झालं त्या वर्षी. "आपलं रायपूर राजधानी झालं वो," असं आईला दोनदोनदा सांगत होतात. आता तिकडे माळरानावर आणखी एक नवीन राजधानी उभी आहे, काचेच्या इमारतींची. तिथल्या एका कंपनीनं ऑफिस बंद करताना हे लॅपटॉप आम्हाला दिले. मी या वसतिगृहात कॉम्प्युटर शिकवते. दोन जुनी यंत्रं आहेत, प्रत्येकासमोर पाच-सहा मुली. त्यामुळे खोकी उतरली तेव्हा मुलींनी पायऱ्यांवरच टाळ्या वाजवल्या.

चालू केलं तर प्रत्येकावर एकच पडदा. हा संगणक अमुक कंपनीचा आहे, तिथला पासवर्ड टाका. मी आतली डिस्क काढून नवीन घातली. इंटरनेट जोडल्याबरोबर पुन्हा तोच पडदा. कुलूप लॅपटॉपमध्ये नव्हतंच, बाबा. ते दूर कुठेतरी कंपनीच्या नोंदीत होतं, आणि यंत्र दरवेळी तिथे विचारून येत होतं. देणाऱ्या साहेबांच्या मनात काही वाईट नव्हतं. नोंद काढायची राहून गेली, दिल्याचा कागदही झाला नाही आणि ऑफिस बंद झालं. मोठ्या ऑफिसात मी महिनोन् महिने फोन केले. शेवटी एक मुलगा भेटला, आवाजानं चांगला वाटला. म्हणाला, "मैडम, आप सच बोल रही होंगी. पर चोर भी यही बोलता है."

मला त्याच्यावर रागावता आलं नाही. मागे स्टेशनवर माझा स्वतःचा लॅपटॉप चोरीला गेला होता. गुढियारीच्या मालधक्क्यामागे तो फेकलेला सापडला, कारण चोराला तो उघडताच आला नाही. तेव्हा मी अशाच कुलपाला हात जोडले होते.

तात्यापाऱ्यात लॅपटॉप दुरुस्तीचा एक दुकानदार आहे. तो म्हणाला, "दीदी, बोर्डवरची चिप बदलून देतो, कंपनीचं नावच पुसून टाकतो. चोरीचा माल बी असाच चालू होते." त्याचं शेवटचं वाक्य ऐकलं आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. तुम्ही वर्कशॉपातून आलेले, पाटावर चहा पीत बसलेले. शेजारच्या काकूंचा मिक्सर दुरुस्तीला आलेला, आणि तुमचा कप रिकामा व्हायच्या आत मी तो खोलून बसलेली.

"काहून उघडला वो?"

"पाहून राहिली होती."

"तिले विचारलं का? ज्याची वस्तू त्याले विचारल्याबिगर पेचाले हात लावाचा नाही."

मी रडत काकूंकडे जाऊन विचारून आले, तेव्हा तुम्ही स्क्रू फिरवायचा तुमचा पेचकस माझ्या हातात दिलात. म्हणालात, "आता हा तुझा. खोल." बाबा, इथे विचारायला काकूच नव्हत्या. ज्यांनी दिलं त्यांचा अधिकार संपला होता, आणि ज्यांचा अधिकार होता त्यांना आम्ही कोण ते माहीत नव्हतं. दुकानदाराला मी नाही म्हटलं. बरोबर केलं की भित्रेपणा केला, अजून ठरवता येत नाही.

कांकेरकडची एक मुलगी बारावीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स करणार होती. ती रोज येऊन एक लॅपटॉप चालू करून बघायची, जणू आज त्याचा विचार बदललेला असेल. एकदा पडद्याकडे बघतच तिनं विचारलं, "मैडम, हमन चोर हन का?" आपण चोर नाही, एवढंच मी म्हटलं. परीक्षा झाल्यावर ती गावी गेली. फोन केला तर वडील म्हणाले, शेतावर गेली आहे, आणि मग ती कधी फोनवर आलीच नाही.

लॅपटॉप ठेवलेल्या खोलीत नवीन खाटा टाकायच्या होत्या, म्हणून आज भंगारवाला आला. त्यानं गेटपाशीच लॅपटॉपचे पडदे उचकटून एका पोत्यात टाकले आणि बाकीचं दुसऱ्यात. एकही यंत्र बिघडलेलं नव्हतं. मुली गच्चीवरून बघत होत्या, आणि मी पावतीवर सही करत होते, कारण दुसरं काही करण्यासारखं राहिलं नव्हतं.

हे सगळं लिहून झालं आहे आणि कुठे पाठवायचं ते अर्थातच माहीत नाही. एक मात्र सांगायचं राहिलं. इतके महिने मी मुलींना सांगत होते, माझे बाबा असते तर त्यांनी हे उघडलं असतं. मुलींना ते खरं वाटायचं. बाबा, तुम्हालाही ते उघडता आलं नसतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.