चाकामागचा दगड

१६ नोव्हेंबर १९९९, मंगळवार. गोंदिया

जिल्हा नवा, गाडी नवी, अन् बापही नवा! आज पिकअप दारात आली. शोरूमवाल्याने सोबत ही डायरी दिली, म्हणून मी, लोकेंद्र, जन्मात पहिल्यांदा रोजनिशी लिहून राहिलो. उर्वशी माहेरी, चिचगडला, बाळंत झाली. पोरगी! परवा गुरुवारी दहा वाजता बारसं. सागवानी पाळणा मीच करून घेतला, न्यायचाही मलाच. नाव ठरलेलंच होतं, म्हणून गाडीच्या मागच्या फळक्यावर लाल रंगात ‘भूमिका’ लिहूनही घेतलं. आई भडकली, बारशाआधी नाव कायले लिहून राहिला म्हणे. लिहिलं तर लिहिलं!

१७ नोव्हेंबर, बुधवार. चिचगडच्या अलीकडे

डोकं फिरलं आहे. नव्या गाडीचा हँडब्रेक धरत नाही. शोरूमवाला फोनवर म्हणतो, सोमवारी आणा. बारसं काय सोमवारी आहे?

देवरीला उदारामच्या टपरीवर चहा घेतला. त्याने बजावलं, की जंगलात चढावर दगडांचा ढीग लागते, तिथं एक दगड टाकजो अन् पुढं निघजो. नाही टाकला तरी चालते बापा, पण तिथला उचलजो नको. अन् जुन्या गाड्या दिसल्या तर थांबूच नको. मी हो हो म्हटलं.

चढावर खरंच सात जुन्या पिकअप ओळीने उभ्या! गोल बोनट, मागे माल भरायचे लाकडी डाले, एकीचे दिवे तर बेडकाच्या डोळ्यांसारखे. जुन्या गाड्या म्हणजे माझा जीव. उतरलोच. तेवढ्यात माझी गाडी मागे सरकली, पाळणा घसरला. हाताला आला तो दगड उचलून चाकामागे ठोकला.

तो ढिगातलाच होता. मग काय झालं? निघताना पायाने बाजूला केला.

पण पुढच्या वळणावर पुन्हा तोच चढ, त्याच सात गाड्या.

१८ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळ

अकरा वेळा! रस्ता एकच, फाटा एकही नाही, तरी पुन्हा तिथेच. वैताग, नुसता वैताग. डिझेलचा काटा हलत नाही, म्हणजे तोही बिघडला. दगड ढिगावर परत ठेवला, हात जोडले, माफी मागितली. पुढच्या फेरीला तो माझ्याच चाकामागे. पायी गेलो, तरी इथेच. सासरे, दुलीचंदजी, मनात काय म्हणत असतील? जावई पाळणा घेऊन कुठे मेला?

गुरुवारच

घड्याळात दहा वाजलेत. मघाशीही दहाच होते. ऊन जागचं हलत नाही.

त्या सात गाड्यांत डोकावलो. एकीत औषधाची बाटली, सीलही फोडलेलं नाही. एकीत बाशिंग. प्रत्येकीच्या चाकामागे एकेक दगड. या सगळ्यांनाही कुठंतरी पोचायचं होतं —

माझ्या डायरीसारखी वहीसुद्धा आहे एकीत. शेवटचं पान अर्धंच —

गुरुवार?

परवा घेतलेली गाडी! बोनटला गंज. टायर बसलेत. पाळण्याला वाळवी लागली. ओरडून ओरडून घसा बसला, कोणाला सांगू —

फळक्यावरचं नाव तेवढं नवंकोरं आहे. लाल.

माहीत नाही

एक गाडी थांबली. अशी गाडी कधी पाहिली नाही. एक पोरगी उतरली, अठरा-एकोणीस वर्षांची. हातात काचेची पाटी, त्या पाटीनंच फोटो काढून राहिली. एकेका पिकअपवरून हात फिरवते, हरखते. माझंच वेड हिला कुठून —

हनुवटी उर्वशीची.

मी समोर उभा आहे. तिला दिसत नाही.

फळक्यावरचं नाव वाचलं. बोट फिरवलं. खाली बसली. पाटी कानाला लावून आईला सांगून राहिली, की गाडी सापडली, बाबांचीच आहे, तू रडू नको —

तिची गाडी मागे सरकते आहे —

ती पळाली. इकडंतिकडं पाहते. ढिगाकडे वाकली —

भूमिका, नको! पोरी, उचलू नको तो, हात —