मिस्त्रीबाईंची बस

रविवार, ५ मार्च

प्रिय अक्का,

नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे ठणठणीत आहेत. फोनवर तू बोलतेस आणि मी नुसता हूं हूं करतो, म्हणून या खेपेला लिहायला बसलोय. तुझा गुडघा काय म्हणतो? दाजींची चहातली साखर बंद केलीस म्हणे. त्यांच्या दुःखात मी सहभागी आहे असं कळव.

बातमी अशी की आमच्या जगाच्या सफरीची बस तयार झाली. झाली एकदाची! शाळेने भंगारात काढलेली ती मिनीबस घरामागच्या शेडमध्ये आणून उभी केली तेव्हा तूच विचारलं होतंस, "ही तुम्हाला भाजीबाजारापर्यंत तरी नेईल का?" आता येऊन बघ. तुझ्या भावजयीने, म्हणजे आमच्या मिस्त्रीबाईंनी, आतली बाकं उपटून तिथे संसार मांडलाय. दिवसा बसायचं त्याचाच रात्री पलंग होतो. टेबल ओढलं की बाहेर येतं, ढकललं की गायब. ताटं, वाट्या, कप, सगळ्यांना लाकडात आपापली खाच आहे, वळणावर खडखडाट नको म्हणून. मी गाडी हळूच चालवतो असं सांगून पाहिलं, तर म्हणाली, "तुमच्या बसमध्ये मी बसलेय. माहितेय मला."

आणि छत! मूळच्या छताखाली मला मान वाकवून उभं राहावं लागायचं. एक दिवस तिने मला भिंतीला टेकून उभा केला, डोक्यावर पेन्सिलने रेघ मारली, वेल्डरकडून छत कापून घेतलं आणि वर लाकडाची नवी चौकट चढवली. "वर्षभर वाकून फिरलात तर परत येईपर्यंत तुमचा कोयता होईल," म्हणाली. आता मी आत ताठ उभा राहून आळस देऊ शकतो. आजवर कुणी माझ्या उंचीचा इतका विचार केला नव्हता. आईसुद्धा नुसतं "खाली वाक" म्हणायची.

बाकी तयारी जोरात आहे. लशी टोचून झाल्या, दंड अजून दुखतोय. बस जहाजावर चढवायची परवानगी आली. लेक आणि जावई आपल्या घरात राहायला येतायत. त्यांची खोकी येऊन पडलीत, त्यामुळे स्वतःच्याच बैठकीत मी आडवा चालतो.

तिला जग कशासाठी बघायचंय, हे तुला कधी सांगितलं का? इमारती, राजवाडे, असलं काही तिच्या डोक्यात नाही. शेडमध्ये नवीन फळी आली की ती आधी नाकाला लावते. देवदार, ओक, अक्रोड, वासावरून सांगते. मग फळीवर हात फिरवत म्हणते, "हे उभं असताना कसं दिसत असेल हो?" जन्मभर तिने आडवी झाडं बघितली. आता तिला ती उभी बघायचीत. अमक्या डोंगरातला देवदार, तमक्या बर्फातला बर्च. नकाशावर तिने गावं नाही, जंगलं लिहिलीत.

आणि मी? मी ड्रायव्हर. निरोप समारंभात डेपोतल्यांनी भाषण ठोकलं होतं, "साहेब आयुष्यभर गोल मार्गावर फिरले, आता मोठ्या गोलावर निघाले!" सगळे हसले, मीही हसलो.

हे बघ अक्का, लिहायचं ते सोडून मी भलतंच लिहीत बसलोय. सांगूनच टाकतो.

नवं छत बसलं त्या संध्याकाळी गल्लीतले सगळे आत टाळ्या वाजवत होते. मी चहाचा कप घेऊन बाहेर मागच्या रस्त्यावर उभा होतो. समोर शेडचं शटर, आत बस. सगळी नोकरी रेल्वेच्या पुलाखालून बस काढण्यात गेली. उंची मला मोजावी लागत नाही, नजरेला कळते. बस शटरपेक्षा उंच झालीय. चांगली वीतभर. टायरमधली हवा सोडली तरी निघायची नाही. माझ्या डोक्याला जागा करण्याच्या नादात आमच्या मिस्त्रीबाई दार विसरल्या.

आणि मी काही न बोलता चहा पीत राहिलो. अजूनही बोललेलो नाही. ती पडदे शिवतेय, मी मापं धरतोय.

कारण मला बरं वाटलं, अक्का. बस निघणार नाही म्हणजे मलाही निघावं लागणार नाही. मला भीती वाटते. एवढी वर्षं गाडी चालवली, पण रस्ता कुणाला विचारायची वेळ आली नाही. एकच तर रस्ता होता. इथे मी चौकात उभा राहिलो तरी चार जण हात करतात. तिकडे मला कोण ओळखणार? भाषा न येणारा एक उंच म्हातारा. मी आजारी पडलो तर ती काय करेल? ती पडली तर मी काय करू? हे तिला कसं सांगू? तिचा चेहरा हल्ली बघवत नाही इतका आनंदात असतो.

काय करू ते कळव. फोन करू नकोस, ती शेजारीच असते.

तुझा,
धाकटा


मंगळवार, २१ मार्च

प्रिय अक्का,

तुझं कार्ड पोचलं. "भागूबाई, आजच्या आज सांग तिला, नाहीतर मी सांगते." पाठच्या भावाला धीर द्यायची ही तुझी जुनी पद्धत. पण लागू पडली.

त्याच दुपारी शेडमध्ये गेलो. मिस्त्रीबाई बसच्या पायरीवर बसून कपाटाच्या दाराला मूठ बसवत होत्या. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं, "बस शटरमधून निघणार नाही."

तिने मान वर केली नाही. स्क्रू पिळता पिळता म्हणाली, "माहितेय."

"माहितेय?"

"अहो, मी सुतार आहे. गिऱ्हाइकाच्या घराचं दार मोजल्याशिवाय मी कपाटाला हात लावते का कधी?"

खरंच की! आमच्या लग्नाआधीपासूनची तिची ही रीत. पायऱ्या, वळणं, दारं, सगळं स्वतः मोजून येते आणि मगच फळी कापते. जिचं एक कपाट कुणाच्या दारात अडकलं नाही ती स्वतःचं दार विसरेल, असं मी धरून चाललो होतो. कपाळावर हात मारून घेतला.

"मग बोलली का नाहीस?"

"शटरवरच्या चार विटा काढायच्या, त्यात काय बोलायचं? त्या कधीही निघतील." मग स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "त्या संध्याकाळी तुम्ही रस्त्यावर उभे होतात ना, तुमचं तोंड बघितलं मी. कळलं, यांना दिसलंय. आता बोलतील, मग बोलतील, म्हणून थांबले. तुम्हाला यायचंच नसेल तर भिंत पाडून काय करायचंय?"

"आणि मी बोललोच नसतो तर?"

"तर राहिली असती इथेच. पावसाळ्यात आत बसून पत्ते खेळलो असतो." हे ती हसत म्हणाली खरी, पण नंतर बराच वेळ ती नुसती मूठ पुसत होती. स्वच्छच होती ती मूठ.

अक्का, मला भरून आलं. इतकी वर्षं वासावरून ओळखलेली झाडं ही बाई एका शब्दाशिवाय सोडून द्यायला तयार होती, आणि मी माप धरायला उभा! मग मी तिला सगळं सांगितलं. भीती, आजारपण, रस्ता, काही शिल्लक ठेवलं नाही. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भीती मलाही वाटते. आणि मला तर गाडीही चालवता येत नाही. म्हणजे तुम्हाला फक्त रस्त्याची भीती, मला रस्त्याची आणि तुमची, दोन्ही."

मी इतका हसलो की शेजारीण बघायला आली.

परवा भिंत पाडली. गवंडी पहिला घाव घालणार तेवढ्यात मी हातोडा मागून घेतला. पहिली वीट माझ्या पायाजवळ पडली, दुसरी पायावरच. पाय सुजलाय, ब्रेकचाच आहे, पण चालतंय. धूळ खाली बसल्यावर मी स्टिअरिंगवर बसलो आणि बस बाहेर काढली. वर एवढी मोकळी जागा असूनही पुलाच्या सवयीने मान आत घेतली. सगळी गल्ली ओरडत होती. सलूनवाला अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक सोडून धावत आला, आणि त्याच्यामागून ते गिऱ्हाईकही. उन्हात बस बघून मिस्त्रीबाईंनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, एका पट्टीला बोट लावलं आणि म्हणाल्या, "इथे पॉलिश कमी पडलंय." डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तक्रार पॉलिशची!

उद्या सकाळी निघतोय. खोटं कशाला बोलू, भीती आहे अजून. पण बॅग भरून झालीय आणि मला झोप येतेय, दोन्ही एकदम.

मघाशी लेक त्या भगदाडाकडे बघत विचारत होती, "बाबा, भिंत अशीच ठेवू ना? तुम्ही परत याल तेव्हा बस आत घ्यायला लागेल."

तिची आई माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हणालो, "नको गं, वारा येईल. बांधून घे. परत यायचं तेव्हा बघू."

येतो, अक्का.

तुझा,
धाकटा