बाकावर बसवलेला विचार

मंगळवार, ११ मार्च, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. दुकानात गिऱ्हाईक नाही. कंगवे धुऊन वाळत ठेवले आहेत.

मामा, नमस्कार.

गेल्या वर्षी मी तुमची दाढी करत असताना ट्रक दुकानाच्या काचेवर आदळला आणि माझा वस्तरा तुमच्या गालात रुतला. सात टाके पडले. तुम्ही ते विसरलातही. मी मात्र तेव्हापासून नुसते केस कापतो. वस्तरा धरला की डोळ्यांसमोर रक्त येतं, आणि तो विचार हाकलायला गेलं की हात जास्तच थरथरतो.

आज दुकानाच्या मालकांना हे सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "अरे, काम चालू असताना गिऱ्हाईक आलं तर तू त्याला हाकलतोस का?"

"नाही. बसा म्हणतो."

"मग या विचारालाही बाकावर बसव. निम्मे कंटाळून उठून जातात."

तेवढ्यात निवृत्त पोस्टमन आजोबा दाढीला आले. मी खरं ते सांगितलं, "आजोबा, माझा हात थरथरतो."

"माझी मान थरथरते. जमेल आपलं," म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

वस्तरा गळ्यापाशी गेला तसा तो विचार आलाच. मी मनात म्हटलं, बसा, हात मोकळा झाला की बघतो. तो बसला. मी दाढी पुरी केली.

हे पत्र टाकणार नाही. वाचून तुम्ही आधी रडाल, मग साऱ्या नातेवाइकांना फोन कराल.

तुमचा भाचा

आजचा खर्च: ब्लेड एक. तुरटी लागली नाही.
देणं: त्या दिवशी राहिलेली तुमची अर्धी दाढी. फेडायला रविवारी येतो.